पिप म्हणजे काय? फोनवर पायथनच्या लायब्ररी बसवायच्या, सांभाळायच्या आणि काढायच्या कशा

पिप हा पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा पॅकेज मॅनेजर आहे. दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला कोड, म्हणजे लायब्ररी, आपल्या मशीनवर आणणं, तिचं व्हर्जन बदलणं आणि नको झाली की काढून टाकणं ही त्याची कामं. त्याला आयकॉन नाही, बटणं नाहीत. टर्मिनलमध्ये कमांड टाइप करायची आणि एन्टर दाबायचा. यासाठी लॅपटॉपच हवा असंही नाही. अँड्रॉइड फोनवर पिप व्यवस्थित चालतो, आणि हा लेख मुख्यतः फोनवाल्यांसाठीच आहे.

मी मूळचा वडखळचा. मुंबई-गोवा हायवेवरून अलिबागचा फाटा जिथे फुटतो ते गाव. ट्रॅफिकमध्ये अडकल्यामुळे तुमच्यापैकी अनेकांनी ते नको तितक्या निवांतपणे पाहिलं असेल. माझी चुलत बहीण डिप्लोमाला आहे. तिच्याकडे लॅपटॉप नाही, फोन आहे. तिच्या मामांचा हमरापूरला गणपतीचा कारखाना आहे. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात असे कारखाने घरोघरी आहेत. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात, ॲडव्हान्स कधी रोख तर कधी यूपीआयने. पोरीने फोनवरच पायथनमध्ये साठेक ओळींचा प्रोग्राम लिहिला: मूर्ती किती इंचाची, शाडू की प्लास्टर, ॲडव्हान्स किती, बाकी किती, न्यायची तारीख कोणती, याची एक्सेल फाइल तयार करणारा. बाकी रकमेचा क्यूआर कोडही तो काढून द्यायचा. मामांनी जूनमध्ये वही बंद केली.

गणपतीला आठ दिवस उरले असताना एका सकाळी तिचा फोन आला. दारात दादरच्या व्यापाऱ्याचा टेम्पो उभा, चाळीस मूर्ती भरायच्या, आणि प्रोग्राम म्हणतोय ‘नो मॉड्यूल नेम्ड ओपनपायएक्सएल’. आदल्या संध्याकाळी तो नीट चालत होता. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं. हे का झालं ते पुढे येईलच, पण ते कळायला आधी पिप काय करतो ते माहीत हवं.

कमांडबद्दल एक सूचना. या लेखात कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. चिन्हं आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवायच्या.

लायब्ररी येते कुठून?

एक्सेल फाइल ही आतून बऱ्याच एक्सएमएल फाइलींची झिप असते. ती स्वतः कोड लिहून तयार करायची म्हटलं तर डिप्लोमाची तीन वर्षं त्यातच जातील. ओपनपायएक्सएल नावाच्या लायब्ररीत हे काम आधीच केलेलं आहे. आपल्या प्रोग्राममध्ये ‘इम्पोर्ट’ लिहून ती वापरायची.

अशा लायब्ररी पॅक करून जिथे ठेवलेल्या असतात त्या कोठाराचं नाव पायपीआय, म्हणजे पायथन पॅकेज इंडेक्स. ते २००३ पासून चालू आहे आणि आज तिथे पाच लाखांहून जास्त पॅकेजेस आहेत. पिप २००८ मध्ये इयान बिकिंग यांनी लिहिला. ‘पिप इन्स्टॉल्स पॅकेजेस’ या वाक्याची आद्याक्षरं म्हणजे पिप, आणि त्या वाक्यातला पहिला शब्द पुन्हा पिपच. प्रोग्रामर लोकांचे विनोद असेच असतात.

पायपीआय म्हणजे परदेशातल्याच लोकांचा माल, असं नाही. थ्रीडी आकृत्या दाखवणारी मायावी ही लायब्ररी सुरू करणारे प्रभू रामचंद्रन पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक आहेत. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने खास मराठी मजकुरासाठी महाएनएलपी लायब्ररी केली, तीही पिपनेच मिळते.

फोनवर तयारी

अँड्रॉइडवर टर्मिनलसाठी टर्मक्स हे ॲप वापरतात. ते एफ-ड्रॉइडवरून किंवा टर्मक्सच्या गिटहब पानावरून घ्यावं. दोन्हींपैकी एकच जागा निवडा. दोन्हीकडच्या ॲपवरच्या डिजिटल सह्या वेगळ्या असल्याने एकीकडचं ॲप आणि दुसरीकडचे प्लगइन एकत्र नांदत नाहीत.

टर्मक्सचा स्वतःचाही एक पॅकेज मॅनेजर आहे, पीकेजी. म्हणजे आता फोनवर दोन मॅनेजर झाले, आणि नव्या माणसाचा निम्मा गोंधळ इथेच होतो. पीकेजी पायथनसारखे अख्खे प्रोग्राम आणतो. पिप फक्त पायथनच्या लायब्ररी आणतो. पहिल्यांदा हे दोन टाइप करा:

पीकेजी अपडेट
पीकेजी इन्स्टॉल पायथन

पायथनसोबत पिपही येतो. खात्री करायला ‘पिप --व्हर्जन’ टाका. उत्तरात पिपचा आकडा, तो ज्या फोल्डरमध्ये बसलाय त्याचा पत्ता आणि शेवटी कंसात पायथनचा आकडा दिसेल. त्या कंसाकडे लक्ष असू द्या, हमरापूरच्या सकाळचं उत्तर तिथेच होतं.

लॅपटॉपवर लोक सर्रास पिपनेच पिप अपग्रेड करतात. टर्मक्समध्ये ते करायला गेलात तर तो नकार देतो, कारण तिथला पिप पीकेजीच्या ताब्यात आहे. ही एरर आली तर काही बिघडलेलं नाही, पुढे चला.

आधी वेगळी खोली, मग सामान

प्रत्येक प्रोजेक्टच्या लायब्ररी वेगळ्या ठेवायची सोय पायथनमध्येच आहे. तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. एका प्रोजेक्टला एखाद्या लायब्ररीचं जुनं व्हर्जन लागतं, दुसऱ्याला नवं. दोन्ही एकाच जागी राहू शकत नाहीत, म्हणून ही वेगळी खोली.

पायथन -एम व्हीईएनव्ही खोली
सोर्स खोली/बिन/ॲक्टिव्हेट

पहिल्या ओळीने ‘खोली’ नावाचं फोल्डर तयार होतं (नाव तुमच्या मनाचं घ्या), दुसऱ्या ओळीने तुम्ही आत शिरता. टर्मिनलच्या ओळीच्या सुरुवातीला कंसात खोलीचं नाव दिसलं की समजा आत आहात. बाहेर पडायला ‘डीॲक्टिव्हेट’. टर्मक्स बंद करून पुन्हा उघडलं की पुन्हा आत शिरावं लागतं, हे विसरल्यामुळे ‘काल बसवलेली लायब्ररी आज सापडत नाही’ अशी तक्रार घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात.

दोन गोष्टी सांभाळा. ही खोली टर्मक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्येच करा. डाउनलोडसारख्या शेअर्ड स्टोरेजमध्ये केली तर चालणार नाही, कारण तिथे अँड्रॉइड सिमलिंक करू देत नाही आणि प्रोग्राम चालवूही देत नाही. दुसरं, तुमचा कोड खोलीच्या आत ठेवू नका, शेजारी ठेवा. खोली ही कधीही पाडून नवी बांधायची वस्तू आहे.

बसवणं

पिप इन्स्टॉल ओपनपायएक्सएल

इंग्रजी स्पेलिंग ओ-पी-ई-एन-पी-वाय-एक्स-एल, सलग. एन्टर दाबल्यावर पिप पायपीआयवर जातो, तुमच्या पायथनला चालणारं सगळ्यात नवं व्हर्जन शोधतो आणि उतरवून घेतो. ही लायब्ररी अडीचशे केबीच्या आसपास आहे, म्हणजे एका बऱ्यापैकी फोटोपेक्षा लहान. सोबत ‘ईटी_एक्सएमएलफाइल’ नावाची आणखी एक बारकी लायब्ररी येते. ती तुम्ही मागितली नव्हती, पण ओपनपायएक्सएलला ती लागते. याला डिपेंडन्सी म्हणतात. इथे एकच आहे. मोठ्या लायब्ररीच्या मागे तीस-चाळीस येतात, लग्नाच्या वऱ्हाडासारख्या.

काय काय बसलंय ते ‘पिप लिस्ट’ दाखवतं. एकाच लायब्ररीची माहिती हवी तर ‘पिप शो’ आणि पुढे तिचं नाव: व्हर्जन, वेबसाइट, तिला कोण लागतं आणि ती कोणाला लागते, सगळं दिसतं. आपसात न जुळणारी व्हर्जन्स एकत्र आली आहेत का हे ‘पिप चेक’ सांगतं. जुन्या ट्युटोरियलमध्ये ‘पिप सर्च’ दिसलं तर सोडून द्या. पायपीआयने ती सोय बंद केली आहे. शोधायचं ते ब्राउझरमध्ये पायपीआयच्या साइटवर.

आता पुष्कळांना अडवणारी गोष्ट. कोडमध्ये लिहायचं नाव आणि पिपला सांगायचं नाव एकच असेल असं नाही. क्यूआर कोडची इमेज काढताना बहिणीला जूनमध्ये एरर आली होती की ‘पीआयएल’ नावाचं मॉड्यूल नाही. तिने साहजिकच ‘पिप इन्स्टॉल पीआयएल’ टाकलं. पिप म्हणाला, असं काही सापडत नाही. कारण पॅकेजचं नाव आहे पिलो. कोडमध्ये ‘सीव्ही२’ लिहितात ती ओपनसीव्ही-पायथन, ‘बीएस४’ म्हणजे ब्युटिफुलसूप४, ‘एसकेलर्न’ म्हणजे सायकिट-लर्न, ‘यामल’ म्हणजे पायवायएएमएल. एरर वाचून नाव अंदाजाने टाकण्यापेक्षा त्या लायब्ररीच्या पानावर इन्स्टॉलची ओळ बघा.

नाव बरोबर टाकूनही तिची पिलो बसेना. बऱ्याच लायब्ररींचा काही भाग सी भाषेत असतो आणि तो प्रत्येक प्रकारच्या मशीनसाठी वेगळा कंपाइल करावा लागतो. विंडोज आणि लिनक्ससाठी पायपीआयवर तयार भाग असतात. टर्मक्ससाठी बहुधा नसतात, मग पिप तुमच्या फोनवरच कंपाइल करायला बसतो. फोन तापतो, बॅटरी उतरते आणि शेवटी लाल अक्षरांत एरर येते. अशा लायब्ररी टर्मक्सवाल्यांनी आधीच कंपाइल करून पीकेजीत ठेवलेल्या असतात: ‘पीकेजी इन्स्टॉल पायथन-पिलो’, ‘पीकेजी इन्स्टॉल पायथन-नमपाय’. ओपनपायएक्सएल किंवा क्यूआरकोडसारख्या निव्वळ पायथनमधल्या लायब्ररी मात्र पिपनेच घ्या. पीकेजीने आणलेली लायब्ररी खोलीतून दिसायला हवी असेल तर खोली बांधतानाच ‘--सिस्टम-साइट-पॅकेजेस’ हा पर्याय जोडावा लागतो.

त्या सकाळी काय झालं होतं?

आदल्या रात्री बहिणीने ‘पीकेजी अपग्रेड’ केलं होतं. चांगलीच सवय आहे ती. त्यात पायथनचा मधला आकडा एकाने पुढे गेला. समजा ३.११ चं ३.१२ झालं. पिप लायब्ररी ज्या फोल्डरमध्ये टाकतो त्याच्या नावातच हा आकडा असतो. नवा पायथन नव्या आकड्याच्या फोल्डरमध्ये बघतो, आणि ते जवळजवळ रिकामं. तिच्या लायब्ररी फोनमध्येच होत्या, जुन्या आकड्याच्या फोल्डरमध्ये तशाच पडलेल्या. त्यांना विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

मी ऐरोलीच्या ऑफिसमध्ये, ती फोनवर. मी विचारलं, काय काय बसवलं होतंस? तिला आठवेना. मेपासून ट्राय म्हणून बऱ्याच गोष्टी बसवल्या होत्या. पायथन एका वेळी एकच हरवलेलं नाव सांगतो. ओपनपायएक्सएल बसवली, मग तो क्यूआरकोडवर अडला. ती बसवली, मग आणखी तिसऱ्यावर. कारखान्यात पत्र्याखाली नेटवर्क एका कांडीचं, आणि मागून मामांचा आवाज की टेम्पोवाला चहा पिऊन मोकळा झाला. गंमत म्हणजे पिलो जागेवर होती. ती पीकेजीने आणलेली, त्यामुळे पायथनबरोबर तीही अपग्रेड झाली. यावरूनच माझ्या लक्षात आलं की गेलं ते फक्त पिपचं. पाऊण तासाने फाइल निघाली. तोवर मामांनी व्हॉट्सॲप वर सरकवत कागदावर अर्धा हिशोब केला होता, आणि तो बरोबर होता.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये हे झालं नसतं का? झालं असतं. पायथनचा मधला आकडा बदलला की जुनी खोलीही निकामी होते. फरक इतकाच की खोली पाडून पुन्हा बांधता येते, आत काय होतं याची यादी असेल तर. ती यादी अशी करायची:

पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

खोलीत असलेल्या प्रत्येक लायब्ररीचं नाव आणि नेमकं व्हर्जन त्या फाइलमध्ये लिहिलं जातं, उदाहरणार्थ ‘ओपनपायएक्सएल==३.१.५’. पुन्हा बसवायला:

पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

बस, एक ओळ. चहा यायच्या आत झालं असतं. नवी लायब्ररी बसवली की लगेच फ्रीझची ओळ पुन्हा चालवा. फ्रीझ खोलीच्या बाहेर चालवलं तर आत्तापर्यंत ट्राय केलेला सगळा पसारा यादीत येतो. आत शिरूनच चालवा.

व्हर्जनचे तीन आकडे

३.१.५ मधला शेवटचा आकडा वाढला तर सहसा बारीक दुरुस्ती, मधला वाढला तर नव्या सोयी, पहिला वाढला तर तुमचा जुना कोड मोडू शकतो. सगळ्या लायब्ररी हा संकेत पाळतात असं नाही, पायथन स्वतःच मधल्या आकड्यात बरंच बदलतो. नेमकं व्हर्जन हवं तर नावापुढे दोन बरोबरची चिन्हं आणि आकडा. किमान एखादं हवं तर ‘>=’, पण मग अख्खी गोष्ट अवतरणचिन्हांत टाका:

पिप इन्स्टॉल "ओपनपायएक्सएल>=३.१"

अवतरणचिन्हं विसरलात तर टर्मिनल त्या ‘>’ चा अर्थ ‘उत्तर फाइलमध्ये लिही’ असा घेतो. एरर येत नाही. फोल्डरमध्ये ‘=३.१’ नावाची विचित्र फाइल तयार होते आणि व्हर्जनची अट हवेत जाते. मी नोकरीला लागल्यावरही हे केलेलं आहे.

काय जुनं झालंय ते ‘पिप लिस्ट --आउटडेटेड’ सांगतं. एखादी नवी करायला ‘पिप इन्स्टॉल --अपग्रेड’ आणि नाव. माझं मत विचाराल तर सगळं एकदम अपग्रेड करू नका, आणि काम ऐन भरात असताना तर काहीच करू नका. पेणच्या मुलांनी श्रावण-भाद्रपदात टर्मक्सला हात लावू नये.

नाव टाइप करताना एकदा थांबा

प्ले स्टोअरवर निदान थोडी छाननी होते. पायपीआयवर कोणीही खातं उघडून पॅकेज टाकू शकतं. आणि काही पॅकेजेसचा कोड बसवतानाच चालतो, तुम्ही इम्पोर्ट करायच्या आधी. डिसेंबर २०१९ मध्ये असंच एक प्रकरण उघडकीस आलं. जेलीफिश ही शब्दांची तुलना करणारी चांगली लायब्ररी आहे. कोणीतरी तिच्या नावातल्या एका छोट्या ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ टाकून तसंच दिसणारं पॅकेज चढवलं होतं. स्क्रीनवर दोन्ही अक्षरं म्हणजे एक उभी रेघ. ते नकली पॅकेज कॉम्प्युटरवरच्या एसएसएच आणि जीपीजीच्या चाव्या चोरून पाठवायचं आणि जवळपास वर्षभर पायपीआयवर होतं.

फोनच्या बारीक कीबोर्डवर चुकीचं अक्षर पडणं तर रोजचंच. त्यामुळे नाव लायब्ररीच्या अधिकृत पानावरून कॉपी करा. आणखी एक नवी भानगड आहे. एआय चॅटबॉट कोड लिहून देताना कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं नाव ठोकून देतात, आणि अशा नावांनी मुद्दाम पॅकेज चढवून ठेवणं कोणालाही शक्य आहे. चॅटबॉटने सुचवलेलं अनोळखी नाव आधी पायपीआयवर उघडून बघा: पहिलं व्हर्जन कधीचं, कोडची लिंक आहे का, वर्णन नीट आहे का.

टर्मक्सला स्टोरेजची परवानगी दिलेली असेल तर तिथे चालणारा प्रत्येक कोड तुमचे फोटो आणि डाउनलोड वाचू शकतो. गरज नसेल तोवर ती देऊ नका.

जड लायब्ररी आणि कमी डेटा

वर उल्लेख केलेली महाएनएलपी फोनवर बसवायच्या भानगडीत पडू नका. तिला पायटॉर्च लागतं, आणि ते एकटंच शेकडो एमबीचं आहे. त्यासाठी ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा. तिथे पिपच्या कमांडआधी उद्गारचिन्ह लावायचं, बाकी सगळं तेच. डाउनलोड गूगलच्या मशीनवर होतं, तुमचा डेटा जात नाही. पण कोलॅबचं सेशन संपलं की बसवलेलं सगळं पुसलं जातं, त्यामुळे यादी तिथेही लागते.

लहान लायब्ररी मित्राला द्यायची असेल तर प्रत्येकाने वेगळा डेटा घालवायला नको. एकाने उतरवायच्या, दुसऱ्याने नेटशिवाय बसवायच्या:

पिप डाउनलोड -डी पेटी ओपनपायएक्सएल
पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स पेटी ओपनपायएक्सएल

‘पेटी’ हे फोल्डरचं नाव. ते शेअर करून पाठवा. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘नन-एनी’ असेल तर ती कुठल्याही फोनवर चालते.

काढणं

‘पिप अनइन्स्टॉल ओपनपायएक्सएल’ टाकलं की तो एकदा विचारतो, वाय दाबायचं. तिच्यासोबत आलेली ईटी_एक्सएमएलफाइल मात्र तशीच राहते. पिप वऱ्हाड परत पाठवत नाही. म्हणून फार पसारा झाला की एकेक काढत बसण्यापेक्षा अख्ख्या खोलीचं फोल्डर उडवून यादीतून नवी बांधणं सोपं. जागा कमी पडत असेल तर ‘पिप कॅश पर्ज’ने उतरवून ठेवलेल्या फाइलीही जातात.

टर्मक्स ॲपच अनइन्स्टॉल केलं तर त्याच्या होम फोल्डरमधलं सगळं जातं: खोली, कोड, यादी. नवा फोन घेतानाही तेच. त्यामुळे रिक्वायरमेंट्सची फाइल आणि कोड टर्मक्सच्या बाहेर कुठेतरी हवा. गिटहब उत्तम. बहीण सध्या दोन्ही फाइली व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवते, आणि एक प्रत मामांना. मामांनी ती उघडून पाहिली, दोन ओळी वाचल्या आणि विचारलं, यात आपल्या मूर्ती कुठे आहेत?